बोगनवेलीच्या नावाआड राहिलेली स्त्री

फाटकावर, शाळेच्या कुंपणावर फुललेली बोगनवेल आपण नित्य पाहतो. तिला हे नाव कसे मिळाले, हा इतिहास प्रत्येक भगिनीने जाणून घ्यावा असा आहे.

एकाच झाडाला गावोगावी निराळी नावे असतात. शास्त्राला हा घोटाळा परवडत नाही. म्हणून लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात सर्व ज्ञात वनस्पतींना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावे दिली. हजेरीपटावर आधी आडनाव व मग नाव असते, तसाच हा प्रकार. फुलाफळांची ठेवण जुळली की तेव्हा झाडे एका घरची ठरत. वांगे 'सोलॅनम मेलोंजेना', तर बटाटा 'सोलॅनम ट्युबरोसम'; म्हणजे आपल्या टोपलीतली ही दोघे एकाच आडनावाची! नाव रीतसर प्रसिद्ध झाल्यावाचून मात्र ते ग्राह्य होत नाही. नावातून एखाद्या व्यक्तीचा सन्मानही करता येतो.

१७६६ साली बूगँव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या मोहिमेत कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचा 'नोकर' म्हणून जो तरुण सोबत आला, तो वस्तुतः झान बारे नावाची शेतकरी घरातली स्त्री होती. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना बंदी असल्याने तिने पुरुषवेष घेतला होता. कॉमर्सनची प्रकृती नाजूक. त्यामुळे डोंगर चढणे, ओझी वाहणे, झाडे गोळा करणे हे कष्ट तिच्याकडेच असत. १७६७ साली ब्राझीलमध्ये रिओजवळ एक सुंदर वेल हाती आली. तिला नाव मिळाले मोहिमेच्या नायकाचे! ते १७८९ साली ग्रंथात प्रसिद्ध झाले. कॉमर्सनचेही नाव अनेक वनस्पतींना लाभले. बारेच्या सन्मानार्थ त्याने एका झाडाला तिचे नाव योजले होते. परंतु ते छापले गेले नाही, आणि ते झाड दुसऱ्याच नावाने रूढ झाले.

वाटेत तिचे गुपित फुटले. ती कॉमर्सनसह मॉरिशसला राहिली. १७७३ साली तो तेथेच वारला. पुढे एका सैनिकाशी विवाह करून ती फ्रान्सला परतली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ साली सरकारने तिला वर्षासन दिले. १८०७ साली ती निवर्तली.

अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतील एका नव्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी 'सोलॅनम बारेटी' हे नाव दिले. आपल्या वांग्या-बटाट्याच्याच आडनावाची ही वनस्पती! दोनशे वर्षांनंतर का होईना, तिचे नाव लागले.

भगिनींनो, ज्याची नोंद झाली तेच पुढच्या पिढीला कळते. आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांची व देणगीदारांची नावे असतातच. सतरंज्या घालणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, चहाचे आधण ठेवणाऱ्या भगिनींचीही नावे त्यांत आवर्जून यावीत. त्यासाठी दोनशे वर्षे थांबण्याचे कारण नाही.