डायलिसिसमधील थंडी

भर उन्हाळ्यातही डायलिसिस घेणारा रुग्ण पांघरूण मागतो. आपल्याला ती आजारपणाची हुडहुडी वाटते. पण बरेचदा कारण यंत्रातल्या द्रावणात असते.

१९४३ मध्ये, जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील कांपेन गावी, विलेम कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळली आणि रुग्णाचे रक्त क्षारद्रावणातून फिरवले. पातळ पडद्यातून युरिया जातो, तशी उष्णताही जाते. आजच्या यंत्रात मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रावण वाहते, म्हणजे चार तासांत १२० लिटर! त्यापुढे रक्ताच्या उबेचे काय चालणार?

मग द्रावणच गरम का ठेवू नये? उबेने त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि जादा पाणी काढले जात असताना रक्तदाब कोसळू शकतो. १९८० च्या दशकारंभी इटलीतील माज्जोरे व सहकाऱ्यांनी दाखवले की, गार द्रावणाने तो सावरतो. पुढे अनेक केंद्रांत कुडकुडणे हे सुरक्षिततेचे मोल ठरले.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २०१७ ते २०२१ या काळात ८४ केंद्रांतील १५ हजारांवर रुग्णांवर याची कसोटी झाली. काही केंद्रांत द्रावण रुग्णाच्या तापमानाहून ०.५ ते ०.९ अंशांनी गार, तर उरलेल्यांत ३६.५ अंश सेल्सियस. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: हृदयविकार, पक्षाघात व त्यांतील मृत्यू यांत लक्षणीय फरक नाही. थंडी मात्र गार द्रावणवाल्यांना जास्त वाजली! ज्यांचा रक्तदाब वारंवार कोसळतो, त्यांचा विचार डॉक्टर वेगळा करतात.

पांघरूण खुशाल घ्यावे. सुया टोचलेला हात तेवढा उघडा हवा. सुई निसटली तर रक्त परिचारिकेला लगेच दिसले पाहिजे.