वसईचा १६०१ चा जीर्णोद्धारलेख आणि वापरांतील प्रार्थनामंदिरें

वसईच्या किल्ल्यांत सेंट जोसेफच्या प्रार्थनामंदिराचा मनोरा अद्याप उभा आहे. त्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर एक लहानसा पोर्तुगीज लेख आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश व तेथील त्या वेळचा व्हिकार यांचीं नांवें देऊन, १६०१ सालीं ही मुख्य इगर्ज नव्यानें सुधारण्यांत आली, इतकाच त्याचा आशय. परंतु आमच्या मतें वसईच्या लेखांत हा विशेष विचारणीय आहे. बहुतेक लेख बांधणाराचें नांव सांगतात. हा दुरुस्तीचा काळ सांगतो. पोथी उतरून झाल्यावर लेखक शेवटीं शक, स्थळ व आपलें नांव घालून पुष्पिका लिहितो, तद्वत् ही इमारतीची पुष्पिका होय.

१५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढें फ्रान्सिस्कन, जेसुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन इत्यादि पंथांनीं किल्ल्यांत आपापलीं प्रार्थनामंदिरें व मठ उभारले. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला, त्यानंतर किल्ल्यांतील वस्ती विस्कटली. ज्या वास्तूंतील नित्याची उपासना थांबली त्यांचीं छपरें गेलीं, आणि छप्पर गेल्यावर भिंत किती दिवस धरणार? आज तेथें भिंती, कमानी व फरशींतील थडग्यांचे दगड शिल्लक आहेत. त्यांवरील लेख जे. गर्सन दा कुन्हा यांनीं चौल-वसईवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथांत नोंदविले. किल्ला आतां पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणांत आहे. तरीहि मूळच्या वसईकर संत गोन्सालो गार्सियाच्या सणास लोक त्या उघड्या भिंतींत उपासनेसाठीं जमतात, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

घंटांची गोष्ट तर संग्राहकांना ठाऊकच आहे. नाशकास नारोशंकराच्या देवळांत १७२१ साल कोरलेली घंटा आहे. मेणवलीस १७०७ ची आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून आपण त्या दाखवितों. परंतु त्या शाबूत राहिल्या त्या वापरांतल्या देवळांत टांगल्या गेल्या म्हणून. धर्म बदलला तरी घंटेचें काम बदललें नाहीं.

किल्ल्याबाहेर पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, आगाशी या गांवीं निराळेंच चित्र दिसतें. तेथील ख्रिस्ती समाज टिकला, आणि त्यानें आपलीं प्रार्थनामंदिरें डागडुजी करून, वाढवून, प्रसंगीं पुनः बांधून वापरांत ठेविलीं. तेथें जुना दगड कमी सांपडतो म्हणून आमचे कित्येक मित्र नाक मुरडतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

पोथीशास्त्रांतलाच दाखला घ्या. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळां छापलें गेलें. पैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. कोंकण व कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांत तें वाचलें व गाइलें जात असे, म्हणून तें पुनःपुनः उतरलें गेलें, आणि अशाच प्रतींवरून सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तें छापिलें. लंडनला मार्सडेनच्या संग्रहांत त्याची देवनागरी प्रतहि आहे. या प्रतींत पाठभेद आहेत. म्हणून त्या टाकाऊ ठरवाव्या काय? जीर्णोद्धार हें एक प्रकारचें नकलणेंच आहे. नकल करणारा चुकतो, क्वचित् पदरचेंहि घालतो. परंतु नकल थांबली कीं ग्रंथ संपला.

अर्थात् नकल प्रामाणिक असली पाहिजे. आज होणारा अपराध उपेक्षेचा नसून उत्साहाचा असतो. जुन्या काळ्या दगडाच्या व चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देतात. चुना भिंतीची ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आंत कोंडतें, आणि कांहीं पावसाळ्यांत क्षार फुटून दगडाचे पापुद्रे निघूं लागतात. मंडळी वाढली म्हणून जुनी वेदी, लांकडी छत सर्वच काढून नवें सभागृह उभारतात. तें शेजारच्या जागेंत उभारतां आलें असतें. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलचें उदाहरण आम्ही याउलट देतों. १७१८ सालीं उपासनेस खुलें झालेलें हें मंदिर एकोणिसाव्या शतकांत वाढविण्यांत आलें. अलीकडे त्याचें काळजीपूर्वक जतन झालें व २००४ सालीं त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-पुरस्कार मिळाला. उपासना मात्र चालूच आहे. भायखळ्याचें क्राइस्ट चर्च व ग्लोरी चर्च यांनाहि असाच मान अनुक्रमें २०१७ व २०१९ सालीं मिळाला.

हें सर्व आम्ही नंदुरबारकडील वाचकांसाठीं लिहीत आहों. १९९८ च्या जुलैंत धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत वसईसारखे पोर्तुगीज अवशेष नाहींत. येथील ख्रिस्ती समाजाचा इतिहास मुख्यतः विसाव्या शतकांतला. फ्रान्सन यांनीं १८९० सालीं स्थापिलेल्या स्कॅंडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या पाद्र्यांनीं पश्चिम खानदेशांत जें काम केलें, त्यांतून तो बराचसा घडला. साधीं, कौलारू किंवा पत्र्याचीं प्रार्थनास्थळें हीं पुराणवस्तु कशीं, असें कोणी विचारील. शंभर वर्षांचा कागद आपण जपून ठेवितों. मग शंभर वर्षांची भिंत, जिच्या आंत भिल्ल-मावची कुटुंबांचे विवाह लागले व नामकरणें झालीं, ती कां सोडावी? १५६३ च्या ट्रेंट परिषदेनें बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम कॅथलिक मंडळ्यांस घालून दिला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतहि अशा नोंदींची चाल आहे. ज्या समाजाचें नांव जुन्या दप्तरांत क्वचितच येतें, त्याच्या पिढ्या अशा वह्यांतूनच हातीं लागण्याची आशा.

नवापूर, शहादें, तळोदें या बाजूंस जाणाऱ्या सभासदांनीं पायाचा दगड, घंटा व बाक यांवरील लेखांचे ठसे घ्यावे, आणि दुरुस्ती निघाली असेल तर काम सुरू होण्यापूर्वीं भिंतींचें माप घेऊन ठेवावें. नोंदवह्यांची नकल मंडळीच्या पंचांची संमति घेऊन जागच्या जागीं करावी. मूळ वही आपल्या संग्रहासाठीं मागूं नये. दुरुस्ती झाल्यावर साल व केलेला फेरफार सांगणारा एक लहान दगड भिंतींत बसविण्याविषयीं पंचांस सुचवावें. १६०१ चा नमुना दाखविण्यास वसईचा ठसा सोबत न्यावा.