फोनच्या आतली सरहद्द

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांवर फोटो काढताना कॅमेऱ्याचा ‘खट्’ आवाज बंद करण्याची सोय नसते. फोन सायलेंटवर टाकला तरी आवाज येतोच. नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीचा जे-एसएच०४ हा कॅमेऱ्याचा फोन तिथे बाजारात आला. खिशात मावणारा कॅमेरा हाती आल्यावर गर्दीच्या लोकलमध्ये, सरकत्या जिन्यांवर बायकांचे चोरून फोटो काढले जाऊ लागतील, ही चिंता लगेच उभी राहिली. आवाजाच्या सक्तीचा कायदा मात्र झाला नाही. मोबाइल कंपन्यांनीच आपसांत ठरवून आवाज फोनमध्ये बसवला. दक्षिण कोरियाने २००४ मध्ये त्याचं मानक केलं: आवाज ६० ते ६८ डेसिबल हवा. तसाच फोन पुण्यात घेतला, तर सायलेंटवर टाकला की गप्प होतो.

देश बघून यंत्राने वागणं बदलायचं, याची मुळं फोनच्या आधीची आहेत. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत भरलेल्या परिषदेने रेडिओलहरींच्या वाटपासाठी जगाचे तीन विभाग केले. भारत तिसऱ्यात आहे. पुढे टीव्हीच्या पद्धतीही देशागणिक वेगळ्या झाल्या. अमेरिकेत एनटीएससी, आपल्याकडे पाल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेला व्हीसीआर इथे धड चालत नसे. त्याला वीज ११० व्होल्टची लागे आणि त्याचं चित्र आपल्या टीव्हीला पेलत नसे. पण त्यात कुणी मुद्दाम अडवलेलं नव्हतं. त्या यंत्राला इथलं काम खरोखरच येत नव्हतं.

मुद्दाम अडवणूक घरात आली ती डीव्हीडीबरोबर. सिनेमा अमेरिकेत आधी आणि इतरत्र नंतर लागायचा. तिकडची तबकडी इकडे आधीच पोचू नये, म्हणून स्टुडिओंच्या आग्रहाखातर जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका पहिल्या विभागात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, भारत पाचव्यात. प्लेअरला तबकडी वाचता येत होती, तरी तबकडीवरचा आकडा जुळला नाही तर त्याने नकार द्यायचा. संगणकातल्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा होती, पण फक्त पाच वेळा. त्यानंतर तो कायमचा एका विभागाचा. यंत्राला येणारं काम त्याने आपल्याला नाकारायचं, ही रीत इथून रुळली. आजच्या फोनचा खरा पूर्वज मला रेडिओपेक्षा ही तबकडीच वाटते.

फोनला देश कळतो कसा? सिमकार्डात एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ आणि ४०५, जपानचे ४४०, चीनचे ४६०. शिवाय वाय-फायचा राउटर स्वतःचा देशसंकेत हवेत सोडत असतो, जीपीएस आहे, आणि फोन कुठल्या बाजारासाठी बनला ती नोंदही आहे. सॅमसंगच्या फोनात सीएससी नावाचा संकेत असतो. कॉल रेकॉर्डिंगचं बटण दाखवायचं की नाही, हे त्यावर ठरतं. सुरुवातीला देशागणिक सोयींची ही कापाकापी सुट्या भागांतच व्हायची. २००९ मध्ये आयफोन चीनमध्ये अधिकृतपणे आला तो वाय-फायशिवाय, कारण तिथल्या सरकारला स्वतःचं वेगळं मानक हवं होतं. आता सगळे भाग बसवलेले असतात आणि कुलूप सॉफ्टवेअरचं असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई, नागपूरकडे ५जी सुरू झालं, तेव्हा आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत ५जीची सोय आधीपासून होती. तरी डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत ती वापरता आली नाही.

या कुलपाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते २०२४ मध्ये. सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ ला श्रवणयंत्र म्हणून वापरायला मान्यता दिली आणि ऑक्टोबरअखेर ती सोय सुरू झाली. भारतात तेव्हा ती मिळाली नाही, कारण श्रवणयंत्र हे वैद्यकीय उपकरण आणि त्याची परवानगी देशोदेशी वेगळी. बंगळुरूच्या काही तरुणांना ती आपल्या आज्यांसाठी हवी होती. सेटिंग्जमध्ये देश बदलून भागेना. उपकरण आजूबाजूच्या वाय-फायवरून ठिकाण ओळखत होतं. मग त्यांनी ॲल्युमिनियमच्या फॉइलने आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या मदतीने घरातल्या लहरी अडवल्या, आत कॅलिफोर्नियातल्या वाय-फायची नावं प्रसारित केली आणि आपण अमेरिकेत आहोत असं उपकरणाला पटवलं. श्रवणाची सोय चालू झाली. नियम असावेत; कानाशी खेळ नको, हे मलाही पटतं. पण विकत घेतलेली वस्तू आजीच्या कामी यावी म्हणून घरात असा पिंजरा बांधावा लागतो, हे बरोबर नाही.

कायद्यामुळे घातलेलं बंधन मी समजू शकतो. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि २६/११ च्या हल्लेखोरांनी असा फोन वापरल्यावर त्यामागची काळजी वेगळी सांगायला नको. तरीही सह्याद्रीत रेंज नसलेल्या घळीत अडकलेल्या ट्रेकरला साध्या फोनमधूनच उपग्रहावरून मदत मागण्याची सोय किती मोलाची ठरेल, याचा विचार सरकारने करायलाच हवा. माझी मुख्य तक्रार लपवाछपवीची आहे. जाहिरात साऱ्या जगाला एकच दाखवायची आणि ‘सर्व देशांत उपलब्ध नाही’ हे तळाला बारीक अक्षरांत टाकायचं. कुठली सोय इथे चालणार नाही, त्याची यादी मराठीत, खोक्यावर, ठळक छापण्याची सक्ती व्हायला हवी.

ती होईपर्यंत परदेशातून फोन मागवताना दोन गोष्टी बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना सिम घालायची खाचच नसते. ई-सिमवाचून पर्याय नाही. आणि सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वाचा. एचएन/ए म्हणजे भारत, एलएल/ए म्हणजे अमेरिका, जे/ए म्हणजे जपान. पैसे देण्याआधी वाचा.