चारशे वेळा मांडलेली साखळी

शाळेतले मूल फूटपट्टी पुन्हापुन्हा मांडून बाकाची लांबी मोजते. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्ब्टन यांनी नेमके हेच केले. फक्त पट्टीच्या जागी शंभर फुटांची पोलादी साखळी होती. चीनच्या सम्राटासाठी नेलेली ही भेट तिथून परत फिरली आणि भारताच्या कामी आली, हा विलक्षण योगच म्हणायचा. साडेसात मैलांच्या आधाररेषेसाठी ती सुमारे चारशे वेळा मांडावी लागली.

खरा शत्रू ऊन. तापमान दहा अंश सेल्सिअसने चढले की एवढे पोलाद साडेतीन मिलिमीटरहून थोडे अधिक लांबते. चारशे मांडण्यांत ही चूक जवळजवळ दीड मीटरवर जाते! म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारच्या तापमापकांची नोंद घेतली जाई. हिमालयापर्यंत पोहोचलेली त्रिकोणांची मालिका पुढे याच सर्वेक्षणातून वाढत गेली.