खुंट टेक्सासचा, फवारा बोर्दोचा



आजच्या नोंदीत औषधाचं प्रमाण कमी आणि इतिहास जास्त आहे. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, पण या हंगामात ती आपल्या बांधावर येऊन उभी राहिलीय, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या घरात चहा रोजचा. कॉफी म्हणजे उपवासाला, नाहीतर शहरातला पाहुणा आला तर. वाईनचं तर विचारूच नका. आमच्या निफाड-दिंडोरी भागात वाईनची द्राक्षं पिकवणारी कितीतरी घरं अशी आहेत की तिथे आजवर बाटली उघडलेली नाही. तरी या दोन पेयांच्या धंद्यात जे घडलं त्यावर आपली द्राक्षबाग उभी आहे. खोटं वाटत असेल तर बागेत जाऊन एक वेल नीट बघा. जमिनीखालचा खुंट डॉगरिज, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासचा. पानावरचा निळसर थर बोर्डोचा, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोचा. हे दोन्ही शेतकऱ्याच्या कामाला का आले, ते सांगतो.

१८६२ साल. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी रोकमोर नावाचं गाव आहे. तिथे बोर्ती नावाचा एक वाईन व्यापारी होता. त्याला अमेरिकेतल्या ओळखीच्या माणसाने तिकडच्या द्राक्षाची रोपं भेट म्हणून पाठवली. याने हौसेने घरामागच्या बागेत लावली. ते वेल छान वाढले. पण वर्ष-दोन वर्षांत आजूबाजूच्या बागा बसायला लागल्या. पानं पिवळी, मग लाल, मग वेल वाळून काडी. कारण कोणालाच कळेना. कोणी जमिनीला दोष दिला, कोणी हवेला, कोणी देवाला.

१८६८ च्या जुलैमध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांचे दोन सोबती बागा तपासायला निघाले. वाळलेले वेल उपटले, मुळावर काहीच नाही. मग शेजारचा हिरवा, बरा दिसणारा वेल उपटला. भिंग लावलं तर मुळावर पिवळे बारीक किडे, आपल्या माव्याच्या नात्यातले. मेलेला वेल सोडून कीड केव्हाच पुढे सरकली होती. ही गोष्ट शेतकऱ्याने मनात कोरून ठेवावी. आपण नेहमी मेलेल्या झाडाजवळ जाऊन उभे राहतो. दुखणं शोधायचं तर त्याच्या शेजारच्या धडधाकट झाडाखाली उकरायचं.

त्या किडीचं नाव फायलोक्झेरा. अमेरिकेतल्या जंगली वेलांची तिच्याशी फार जुनी ओळख, त्यांची मुळं तिला दाद देत नाहीत. युरोपातल्या वेलाने ती कधी पाहिलीच नव्हती. शिडाच्या जहाजात प्रवासाला इतके दिवस लागायचे की कीड वाटेतच मरायची. वाफेची जहाजं आली, प्रवास दिवसांवर आला आणि कीड जिवंत उतरली.

पुढचा हिशोब मोठा वाईट आहे. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाईन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २३४ कोटी लिटरवर आली. सरकारने इलाज सांगणाऱ्याला आधी २० हजार आणि १८७४ साली ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. लोकांनी नाही नाही ते सुचवलं. बागा पाण्यात बुडवून पाहिल्या, जमिनीत विषारी औषध टोचलं. शेवटी टिकला तो एकच उपाय, खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली काडी, म्हणजे कलम. बोर्दोच्या लालिमान नावाच्या बागायतदाराने हे आधीपासून सांगितलं होतं. त्याने बक्षीस मागितलं तर ते मिळालं नाही. उलट, अमेरिकन वेल आणून कीड देशात आणणाऱ्यांत हाच असेल, असा त्याच्यावर संशय घेतला गेला.

कलमातही अडचण आली. बरेच अमेरिकन खुंट फ्रान्समधल्या चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडायचे. आपल्याकडे चुनखडीच्या रानात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून १८८७ साली व्हियाला नावाच्या शास्त्रज्ञाला अमेरिकेत पाठवलं. चुनखडीत तग धरणारे जंगली वेल त्याला टेक्सासमध्ये मिळाले. त्या कामी त्याला तिथल्या मन्सन नावाच्या रोपवाटिकावाल्याची मोठी मदत झाली आणि १८८८ साली फ्रान्स सरकारने मन्सनचा सन्मान केला. आपला डॉगरिज याच मन्सनने टेक्सासच्या रानातून निवडलेला. वाईनच्या प्लॉटमध्ये बरेच जण ११०-आर वापरतात. तोही त्याच काळजीतून, माँपेलिएच्या रिक्टर नावाच्या रोपवाटिकेत तयार झाला. गंमत अशी, की आपण हे खुंट त्या किडीसाठी लावले नाहीत. नव्वदच्या दशकात पाणी कमी पडायला लागलं, विहिरींना खारटपणा आला, तेव्हा स्वतःच्या मुळावरच्या बागा सोडून आपण डॉगरिजवर गेलो. दुसऱ्याच्या संकटातून निघालेलं औषध आपल्या वेगळ्याच दुखण्याला लागू पडलं.

आता बोर्डो. भुरी युरोपात १८४५ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दिसली, तीही अमेरिकेचीच. तिच्यासाठी गंधक सापडलं. फायलोक्झेरावर उतारा म्हणून अमेरिकन वेल आणले, तर त्यांच्यासोबत १८७८ च्या सुमारास डाऊनी म्हणजे केवडा उतरला. एक दुखणं घालवायला गेलो आणि दुसरं घेऊन आलो. १८८२ साली मिलार्दे नावाचे प्राध्यापक बोर्दोजवळच्या बागांतून फिरत होते. सगळीकडे पानगळ, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मालकाने कडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवला होता. निळा थर बघून माणूस हात लावत नाही. चोरासाठी केलेला उपाय बुरशीला लागला. १८८५ साली त्यांनी कृती छापून प्रसिद्ध केली.

तीच कृती आपण आज करतो. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडी भांडं नाही. मिसळून झाल्यावर घासलेला विळा बुडवून बघायचा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. तयार केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

आता कॉफीकडे वळतो, कारण त्याच वर्षांत समुद्राच्या दुसऱ्या बाजूला हाच खेळ चालू होता. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. इंग्रज मळेवाल्यांनी तिथल्या डोंगरांवरचं जंगल तोडून सलग कॉफी लावली होती. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरापर्यंत एकच पीक, मध्ये अडवायला काही नाही. १८६९ साली पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसली. तांबेरा. पानं गळायला लागली. मळेवाले म्हणाले, जाईल एक-दोन वर्षांत. गेला नाही. लवकरच तो आपल्या दक्षिणेतल्या कॉफीवरही आला.

इथे एक गोष्ट वाचून मी थांबलो. प्लांशोंनी द्राक्षाच्या किडीला नाव दिलं फायलोक्झेरा व्हास्टाट्रिक्स. इंग्लंडच्या बर्कलींनी कॉफीच्या तांबेऱ्याला नाव दिलं हेमिलेया व्हास्टाट्रिक्स. व्हास्टाट्रिक्स म्हणजे सत्यानाश करणारी. एक फ्रान्समध्ये, एक सिलोनमध्ये, दोन्ही नावं वर्षभराच्या अंतराने आणि आडनाव एकच.

१८८० साली मार्शल वॉर्ड नावाचा तरुण शास्त्रज्ञ सिलोनला आला. त्याने दाखवून दिलं, की हा रोग वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूंनी पसरतो आणि सलग एकाच पिकाने त्याला मोकळं रान दिलंय. तोवर उशीर झाला होता. १८८४ साली तिथली ओरिएंटल बँक बुडाली, कॉफीला दिलेलं कर्ज हे त्याचं एक मोठं कारण. मळेवाले चहाकडे वळले. जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने १८६७ सालीच १९ एकर चहा लावून ठेवला होता, तो आता सगळ्यांना वाट दाखवायला उपयोगी पडला. जग ज्याला सिलोनचा चहा म्हणून ओळखतं, तो मेलेल्या कॉफीच्या जागेवर उगवलाय. पण त्या मळ्यांत राबायला तमिळ मुलखातून जी माणसं पायी चालत गेली होती, त्यांतली पुष्कळ रिकाम्या हाताने परतली. त्यांच्या नावाने कुठलं पाकीट बाजारात नाही.

आपल्याकडे कॉफी टिकली. १९११ च्या सुमारास म्हैसूर भागातल्या केंट नावाच्या मळेवाल्याने आपल्या मळ्यात तांबेरा न येणारं झाड हेरलं आणि त्याचं बी वाढवलं. काही वर्षांनी त्याच्यावरही तांबेरा आला. मग बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात एस-७९५ ही जात दिली, ती आजही मळ्यांत आहे. आणि फवारा कोणता? चिकमगळूर-कोडगूकडचे कॉफीवाले पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पानाखालून जो मारतात तो बोर्डोच, अर्धा टक्का. द्राक्षाच्या चोरासाठी निघालेलं औषध कॉफीच्या पानाखाली पोचलं.

आता या सगळ्यातून मला काय दिसतं ते सांगतो. दोन्ही ठिकाणी व्यापार मेला नाही. फ्रान्समध्ये माल कमी पडला तेव्हा व्यापाऱ्यांनी बाहेरून बेदाणे आणून, साखर घालून वाईन केली. सिलोनची कॉफी संपली तेव्हा जगाने ब्राझीलची प्यायली. पेला रिकामा राहिला नाही. रिकामं झालं ते शेत. पुढे फ्रान्समधल्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा बाजारात इतका खरा-खोटा माल साठला होता की भाव कोसळले आणि १९०७ साली दक्षिणेतले द्राक्षवाले लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आले. व्यापाऱ्याला दुकान बदलता येतं. आपल्याला रान बदलता येत नाही. म्हणून रोगाला वेशीवर अडवण्याची गरज सगळ्यात जास्त आपल्याला आहे.

आता बांधावरची गोष्ट. आमच्या भागात परदेशी जातींच्या काड्या चोरवाटेने आल्याची कुजबुज आहे. कोणाच्या तरी बॅगेतून आल्या म्हणे, परवाना नाही, तपासणी नाही. आमच्या पुतण्याने घरात विषय काढला. वीस गुंठ्यांत जंगली खुंट लावून तयार आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरायचंय. तो म्हणाला, "काका, थॉमसनला अवकाळी लागला की मणी तडकतात. परवान्याच्या जातीला रॉयल्टी भरायची कुठून? सगळे लावतील आणि आपण मागं राहू."

पोरगं चुकीचं बोलत नाही. तोटा त्याने डोळ्यांनी पाहिलाय. मी त्याला बोर्तीची गोष्ट सांगितली. तो बोर्ती काही वाईट माणूस नव्हता. भेट आलेली रोपं हौसेने लावणारा आपल्यासारखाच माणूस. काडीवरून कीड दिसत नाही. विषाणू तर भिंगातूनही दिसत नाही आणि त्याला जगात कुठे फवारणी नाही. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात अनाहाइम भागातल्या बागा पिअर्स नावाच्या रोगाने उठल्या. तो जिवाणूचा, खोडाच्या आत राहणारा, लागलेला वेल बरा करणारं औषध आजही नाही. बोर्तीकडे नियम नव्हता, आपल्याकडे आहे. त्या फायलोक्झेरामुळेच १८७८ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे देशादेशांनी पहिला करार केला. आपल्याकडे १९१४ चा कायदा आहे, २००३ चा आयात आदेश आहे. परवाना, त्या देशाचं प्रमाणपत्र आणि इथे आल्यावर वेगळं ठेवून तपासणी. हे कागद सरकारच्या हौसेसाठी नाहीत, कोणाच्या तरी उजाड बागांवर लिहिलेले आहेत.

आमच्या वीस गुंठ्यांत ओळखीच्या, डोळ्यांनी पाहिलेल्या मातृबागेची काडी भरायचं ठरलंय. पुतण्या पूर्ण खूश नाही. त्याचा राग मला मान्य आहे.

पेजवरच्या शास्त्रज्ञ आणि कृषी अधिकारी मंडळींना एक विनंती. सरळ वाटेने येणारी काडी शेतकऱ्याच्या हातात पोचायला फार वर्षं लागतात आणि तेवढ्यात चोरवाट तयार होते. ती वाट नुसत्या भीतीने बंद होणार नाही. चांगली, तपासलेली, परवडणारी काडी द्या, ती आपोआप बंद होईल.

आणि शेतकरी बांधवांनो, यंदा कलम भरताना एक वही करा. काडी कुठल्या बागेतली, कोणी दिली, कोणत्या तारखेला, कोणत्या ओळीत भरली. कात्री एका प्लॉटमधून दुसऱ्यात नेताना निर्जंतुक करा. नव्या काडीचे वेल दोन हंगाम जवळून बघा, आणि एखादा वाळला तर त्याच्या शेजारच्या हिरव्या वेलाखाली उकरा.

तुमच्याकडे काड्या कुठून येतात, ते खाली लिहा. नावं नकोत, अनुभव लिहा.