स्वस्त टायर, महाग टायर: रस्त्यावर कोण, ट्रॅकवर कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

तर, प्रसंग ओळखीचा आहे. बाइकचा मागचा टायर गुळगुळीत झालाय. दुकानात दोन टायर समोर ठेवलेत. एक आपल्या रोजच्या देशी कंपनीचा. दुसरा परदेशी नावाचा, किंमत जवळजवळ दुप्पट. दुकानदार म्हणतो, "दादा, हा घ्या, रेसिंगवाला आहे." सोबत आलेला मित्र म्हणतो, "अरे कशाला पैसे घालवतोस, सगळे टायर सारखेच." आता यात खरं कोण बोलतंय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दोघंही चुकतायत. आणि कसे चुकतायत ते कळायला टायरचा जवळजवळ एकशेऐंशी वर्षांचा इतिहास बघावा लागतो. घाबरू नका, पटकन आवरतो.

सुरुवातच किमतीपासून

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर, वय जेमतेम तेवीस. त्याने घोडागाडीच्या चाकांना हवेचे टायर लावले, बाहेरून चामडं. चाकं मस्त चालली. पण रबर महाग, बनवायची पद्धत किचकट, त्यामुळे धंदा काही जमला नाही. चांगला टायर किमतीमुळे पडला, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

मग चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप आला. धंद्याने जनावरांचा डॉक्टर. त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. (थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे ते पुढे रद्द झालं, तो वेगळा किस्सा.) लोकांना ते जाडजूड टायर बघून हसू यायचं. पण १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हेच टायर लावून उतरला आणि भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकला. हरलेल्यांमध्ये हार्वे डू क्रॉस यांची मुलं होती. याच डू क्रॉसनी मग डब्लिनमध्ये डनलॉप टायरची कंपनी उभी केली.

म्हणजे बघा, शर्यत जिंकणं हीच टायरची पहिली मोठी जाहिरात. "रेसिंगवाला आहे" हे वाक्य तिथून चालत आलंय.

कालचा महाग, आजचा स्वस्त

पुढे काय झालं? सुरुवातीचे टायर काळे नव्हते, फिकट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळायला लागले आणि टायरचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. मोटारसायकलपर्यंत रेडियल पोचायला १९८० चं दशक उजाडलं. १९९२ मध्ये मिशेलिनने कारच्या टायरच्या रबरात सिलिका वापरलं. सिलिकाने ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि इंधनही वाचतं. २००५ मध्ये त्यांचा पायलट पॉवर २सीटी आला: मधे टिकाऊ रबर, कडेला मऊ रबर. हे तंत्र थेट मोटोजीपीमधून रस्त्यावर आलेलं.

यात एक पॅटर्न दिसतो. नवीन तंत्र आधी शर्यतीत येतं, मग महाग टायरमध्ये, मग काही वर्षांनी सगळ्यांच्या टायरमध्ये. आजच्या स्वस्त टायरमध्ये कालच्या महाग टायरची अक्कल असते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे शिंको. ही जपानी कंपनी, मूळची सायकल टायरवाली. १९९८ मध्ये तिने योकोहामाकडून मोटारसायकल टायरचं तंत्रज्ञान आणि साचे विकत घेतले आणि दक्षिण कोरियात टायर बनवायला सुरुवात केली. म्हणजे एका मोठ्या कंपनीचं ज्ञान, पण किंमत कमी. आज अमेरिकेत स्वस्त टायर म्हटलं की शिंकोचं नाव हमखास निघतं. गंमत पुढे आहे. त्यांचा हुक-अप नावाचा टायर तिथल्या ड्रॅग रेसवाल्यांचा लाडका. स्वस्त टायर आणि शर्यतीत!

पण थांबा. ड्रॅग रेस म्हणजे काय? सरळ रेषा, पाव मैल, काही सेकंदांचा खेळ. तिथे सुटताना चिकटणारं मऊ रबर लागतं. वळणं नाहीत, वीस लॅप नाहीत. म्हणून "ट्रॅकवर चालतो का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता ट्रॅक? किती वेळ?

खरा शत्रू: उष्णता

रबर रस्त्याला कसं पकडतं? ते दबतं, खडबडीत डांबरात बसतं आणि हळूहळू परत आकारात येतं. हे जितकं आळशीपणे होईल तितकी पकड जास्त. पण त्या आळसात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे पकड आणि उष्णता एकाच नाण्याच्या दोन बाजू.

आता टायरचा सांगाडा घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या बाइकचे टायर बायस-प्लाय असतात: नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके. टायर दबला की हे थर एकमेकांशी झगडतात आणि आतून तापतात. रेडियलमध्ये दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात, वरून पट्टा असतो. तो कमी तापतो, वेगात स्थिर राहतो. बनवायला महाग पडतो.

म्हणून स्वस्त टायर घेऊन ट्रॅकवर गेलात तर पहिल्या दोन लॅपमध्ये काही वाटणार नाही. उलट म्हणाल, अरे भारी आहे की! फरक नंतर पडतो. टायर तापत जातो, रबर लोण्यासारखं वागायला लागतं, आणि ज्या वळणावर मघाशी पकड होती तिथेच मागचं चाक सरकतं. महाग टायरचे पैसे पहिल्या लॅपसाठी नसतात, दहाव्या लॅपसाठी असतात.

आणि उष्णता महाग टायरलाही सोडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, आठवतेय? तिथे मिशेलिनने मागच्या टायरसाठी उष्णता झेलणारा खास कडक सांगाडा आणला होता. गरमीमुळे शर्यतच २४ वरून २१ लॅपवर आणावी लागली. मार्को बेझ्झेकी जिंकला.

रेसचा टायर कोणासाठी बनतो?

२००६ पर्यंत मोटोजीपीत एक प्रकार चालायचा. युरोपातली शर्यत असली की मिशेलिन सरावाची माहिती घेऊन फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँच्या कारखान्यात रातोरात नवे टायर बनवायची आणि रविवारी सकाळी ट्रॅकवर पोचवायची. त्यांना सॅटर्डे नाइट स्पेशल म्हणायचे. २००७ च्या नियमाने ते बंद झालं.

आता विचार करा. तो टायर एका ट्रॅकसाठी, एका रविवारसाठी, एका रायडरसाठी. त्याला सुरू होण्याआधी गरम कपड्यात गुंडाळून ठेवतात. तुमचा टायर? मे महिन्यात तापलेलं डांबर, जुलैमध्ये घाटातलं शेवाळ, सिग्नलला सांडलेलं तेल, खड्डे, मागे बसलेला मित्र, वर गॅसची टाकी. आणि हे सगळं सकाळी थंडगार असताना, पहिल्या मिनिटापासून. ट्रॅकचा टायर इथे आणला तर तो कधी नीट तापतच नाही, आणि न तापलेला रेस टायर साध्या टायरपेक्षा वाईट पकडतो. स्लिकला तर पाणी काढायला नक्षीच नसते. म्हणजे रोज ऑफिसला जाणाऱ्याला "रेसिंगवाला" विकणं म्हणजे पावसात चामड्याचे बूट विकण्यासारखं.

आपल्याकडची गोष्ट

आता घरी येऊ. सिएट हे नाव इटलीतल्या तोरीनोचं, पण १९५८ पासून कंपनी मुंबईची. भांडुपचा कारखाना अनेकांना माहीत असेल. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. के. एम. मामेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एका शेडमध्ये फुगे बनवायला सुरुवात केली. हो, खेळण्यातले फुगे! १९६१ मध्ये अमेरिकन मॅन्सफील्ड कंपनीच्या साथीने पहिला टायर आला. २०२२ मध्ये त्यांच्या टायरवर एफ्रेन यारेनाने युरोपियन रॅली चॅम्पियनशिप जिंकली. ती कारची शर्यत, बाइकची नाही, पण देशी टायरला कमी लेखणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

बाइकचं उदाहरण तर पुण्याजवळचंच. चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून २०१२ मध्ये केटीएम २०० ड्यूक आली, एमआरएफ टायर घेऊन. २०१३ मध्ये तिथूनच ३९० ड्यूक आली, मेट्झेलर टायर घेऊन. एकच कारखाना, दिसायला जुळ्या बहिणी, टायर मात्र वेगळे. कंपनीने हिशेब सरळ केला: ताकद आणि वेग वाढला, तर टायरचा खर्चही वाढवायचा. २०० ला स्वस्त टायर देऊन फसवलं नव्हतं. तिला तेवढा पुरत होता. चूक कुठे होते? ३९० चा टायर झिजला की २०० चा विचार करून टायर टाकतात, तिथे.

मग घ्यायचा कोणता?

बाइक १०० ते १६० सीसीची, रोजचा प्रवास, अधूनमधून लोणावळा किंवा माळशेज: नावाजलेल्या कंपनीचा बजेट टायर बिनधास्त घ्या. अट एकच, कंपनीने दिलेला साइज, भार आणि वेगाचं अक्षर यापेक्षा कमी नको. साइजच्या आकड्यांनंतर इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. ट्रॅक डेला जायचंय? मग टायरवर पैसे घाला, किंवा आहे त्या टायरवर कमी लॅप मारा आणि मधे थंड होऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टायरवर चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला परदेशी टायर कडक झालेला असतो. त्यापेक्षा यंदाचा देशी टायर बरा. आपल्या कायद्यात दुचाकीला नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यासाठी तिथपर्यंत थांबू नका. नवा टायर टाकला की पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवा. आणि दर आठवड्याला थंड टायरमध्ये हवा तपासा. हवा कमी तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो. महागातला महाग टायर कमी हवेत स्वस्त टायरसारखा वागतो.

बाइक रस्त्याला टेकते ती तळहातापेक्षा लहान अशा दोन जागांवर. घाटात समोरून एसटी वळते आणि तुम्ही ब्रेक दाबता, तेव्हा तुम्ही आणि दरी यांच्यात तेवढंच असतं. तिथे टायरवरचं नाव कामाला येत नाही. तो त्या कामासाठी बनलाय का, ताजा आहे का, त्यात हवा आहे का, एवढंच कामाला येतं.

तर आज घरी गेल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागच्या टायरची तारीख वाचा. काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, सावकाश जा!