शंभू महादेवाच्या डोंगरावरचं तळं

पणदरे गावातून दक्षिणेकडं पाहिलं, की आधी ऊस दिसतो. त्यामागं नीरेकाठची झाडी दिसते आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी त्याहीपलीकडं डोंगरांची एक निळसर रांग दिसते. ही शंभू महादेवाची रांग. महाबळेश्वरच्या बाजूला ती सह्याद्रीतून फुटते आणि आग्नेयेकडं सरकत जाते. त्याच रांगेवर, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, शिखर शिंगणापूर आहे. बारामती, इंदापूर, पुरंदर, फलटण या सगळ्या मुलखात ‘म्हादेवाला जाऊन आलो’ असं कुणी म्हटलं, तर कोणता महादेव हे विचारावं लागत नाही.

या डोंगराबद्दल आज बोलायचं आहे ते देवस्थानाचं माहात्म्य सांगण्यासाठी नाही. ते सांगणारे अधिकारी लोक आहेत. मला बोलायचं आहे ते डोंगरावरच्या एका तळ्याबद्दल. ते तळं कुणी बांधलं, का बांधलं आणि पायी चढून गेल्याशिवाय ते नीट का कळत नाही, एवढंच सांगायचं आहे.

डोंगर पायी चालणं ही एक जुनी आवड आहे. स्कॉटलंडमध्ये तर तिला मोठा मान आहे. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये आपल्या देशातल्या तीन हजार फुटांहून उंच शिखरांची यादी छापली. तेव्हापासून तिथं अशा शिखरांना ‘मन्रो’च म्हणतात. आजच्या यादीत ती २८२ आहेत आणि ती सगळी चढून व्हायला माणसं उभं आयुष्य घालवतात. ओसाड माळ, वारा, धुकं आणि एकटा माणूस. माथ्यावर दगडांची रास असते. वर पोचलेला माणूस तिच्यावर आपला एक दगड ठेवतो आणि उतरायला लागतो.

उंचीनं पाहिलं तर आपलं शिंगणापूरही तीन हजार फुटांच्या वरच आहे. पण आपल्याकडं नुसतं चढायचं म्हणून डोंगर चढण्याची रीत नव्हती. चढायला काहीतरी निमित्त लागायचं. कुणाची गुरं चुकलेली असायची, कुणाचा नवस असायचा. आणि वर जाताना आपला माणूस दगड नेत नाही. तो पाणी नेतो.

चैत्रात शिंगणापूरची यात्रा भरते. अष्टमीला शंकर-पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी वर चढतात. बांबूच्या सांगाड्याला बांधलेले तांब्याचे दोन हंडे, वर कापडाची सजावट, आणि ती खांद्यावर पेलणारी गावोगावची माणसं. सासवडच्या तेल्या भुत्याच्या कावडीचा मान मोठा. या कावडी गाडीरस्त्यानं जात नाहीत. कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाटाची जी उभी चढण आहे, तिथून त्या वर जातात. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, दोर लावतात आणि हंड्यातलं पाणी सांभाळत कावड वर सरकवतात. देवाला हाक मारतात तीही एकेरीत, ‘म्हाद्या’ म्हणून. इतक्या कष्टानं वर आलेल्या माणसाचा तेवढा हक्क असतोच.

मी हा घाट चढलो तो यात्रेच्या दिवसांत नव्हे, फाल्गुनातल्या एका सकाळी. बरोबर दोन मित्र होते. सांगवीपाशी नीरा ओलांडली, फलटण मागं टाकलं, तोपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. मग ऊस विरळ झाला, ज्वारीची काढलेली रानं लागली, आणि डोंगराच्या पायथ्याशी आलो तेव्हा नजरेसमोर फक्त खुरटं गवत, बाभळी आणि काळा दगड राहिला. नीरेवरून इथवर येताना पाणी कसं कमी होत गेलं, ते झाडांकडं पाहूनच कळत होतं.

घाटाच्या खालच्या टप्प्यावर एक वयस्क धनगर मेंढरं घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, ‘‘काय पाव्हणं, म्हादेवाला? मग गाडीरस्ता सोडून हिकडं कसं?’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, कावडी जातात ती वाट बघायची होती.’’

‘‘गाव कुठलं?’’

‘‘पणदरे.’’

ते हसले. ‘‘म्हंजे कालव्याचं पाणी पिनारं तुमी. मग जपून चढा. वर जाईस्तवर पानी न्हाई.’’

त्यांचं बोलणं खरं होतं. अर्धा घाट चढेपर्यंत आमच्याजवळचं पाणी निम्म्यावर आलं. ऊन दगडावर पडून वर अंगावर येत होतं. बोलणं आपोआप थांबलं. अशा वेळी इतिहासाच्या पुस्तकातली एखादी साधी ओळ अचानक समजायला लागते.

ती ओळ मालोजीराजे भोसल्यांची आहे. शिवरायांचे आजोबा. वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे ते चिरंजीव. ते आणि त्यांचे बंधू विठोजी निजामशाहीच्या चाकरीत होते. पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजांकडं होते. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलंच. मालोजीराजांची पत्नी फलटणच्या निंबाळकरांच्या घराण्यातली. परंपरा सांगते, की त्यांना वीरमरण आलं ते इंदापूरच्या लढाईत. इंदापुरात त्यांची गढी आहे. म्हणजे सुपे, फलटण, इंदापूर आणि शिंगणापूर ही चार ठिकाणं एका रेषेनं जोडली, तर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्या रेषेच्या आत येतो. आमचं पणदरेही त्याच मुलखात येतं.

शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत. शिवरायांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदांनी संस्कृतात जे ‘शिवभारत’ रचलं, त्याच्या आरंभीच मालोजीराजांची हकिगत येते. चैत्रात या डोंगरावर माणसांची मोठी दाटी होते आणि पाण्यावाचून त्यांचे हाल होतात, हे पाहून मालोजीराजांनी वर मोठं तळं बांधवलं, असा तिथला आशय आहे. साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात असलेला ग्रँट डफ हा स्कॉटलंडचाच. त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही मालोजीराजांच्या विहिरी-तळ्यांचा उल्लेख येतो. शिंगणापूरच्या या तळ्याला लोक पुष्कर तलाव म्हणतात. इसवी सन १६०० च्या सुमाराचं हे काम.

आता हा काळ डोळ्यांसमोर आणा. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. चांदबिबी मारली गेली. निजामशाही मोडकळीला आलेली, पुढं मलिक अंबर ती सावरायला निघाला. सरदारांना फौज पोसायची होती, जहागीर राखायची होती, उद्या कोणता धनी असेल याची खात्री नव्हती. अशा दिवसांत एक सरदार आपला पैसा डोंगरमाथ्यावरचं पाणी अडवायला घालतो. तिथं ना नदी, ना किल्ला, ना बाजारपेठ. वर्षातून काही दिवस चालत येणारी, दमलेली, तहानलेली माणसं तेवढी. त्या माणसांची तहान त्याला दिसली. गादीवर बसून ती दिसत नाही. घाट चढूनच ती दिसते.

या मुलखात पाण्याचा अर्थ काय होतो, हे आकडे सांगतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या टोकाला, माणदेशात, जेमतेम चार-पाचशे. ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात आणि इकडं वारा तेवढा येतो. शिंगणापूरच्या उत्तर उतारावर पडलेलं पाणी नीरेला मिळतं, दक्षिण उतारावरचं माणगंगेला, आणि दोन्ही नद्या शेवटी भीमेतच जातात. म्हणजे जे काही पडतं ते वाहून जातं. डोंगरावर थांबवलं तरच ते डोंगराचं.

आमच्या बारामतीचीही कथा वेगळी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं हा भाग होरपळला. त्यानंतर भाटघरचं धरण बांधायला घेतलं गेलं आणि १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्यातून पाणी वाहू लागलं. मग आमच्या पट्ट्यात ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढं माळेगाव आणि सोमेश्वरचे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याखालचा आणि कालव्याबाहेरचा अशी एकाच तालुक्याची दोन रूपं झाली. १९७२ च्या दुष्काळात कालव्याबाहेरची माणसं खडी फोडायला गेली. त्या धनगरबाबांनी गाव ऐकून मला ‘कालव्याचं पाणी पिणारा’ म्हटलं, त्यामागं हा सगळा इतिहास होता. आमची ओळख त्यांनी पाण्यावरून केली. जात-धर्मावरून नाही.

आणि इथं मला मालोजीराजांच्या घरातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्यांना दोन मुलगे झाले. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या आशीर्वादानं ते झाले, अशी श्रद्धा होती. म्हणून एकाचं नाव शहाजी ठेवलं आणि दुसऱ्याचं शरीफजी. शिवरायांच्या वडिलांचं नाव एका पीराच्या नावावरून आलेलं आहे, आणि हे शिवरायांच्याच काळात, त्यांच्याच दरबारच्या कवीनं नोंदवून ठेवलं आहे. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्या घराला वाटलं नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मालोजीराजांनी मठ बांधून दिला, अशीही परंपरा आहे. या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ १६४५ मध्ये पूर्ण केला. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाचे ते पूर्वजच. इंदापुरात तर मालोजीराजांची गढी आणि चांदशाहवलींचा दर्गा शेजारी-शेजारी उभे आहेत.

शंभू महादेवाच्या डोंगरावर तळं बांधणारा आणि मुलाला पीराचं नाव देणारा माणूस एकच होता. त्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. आज एखाद्या सभेत त्याचं नाव घेताना यातली एक गोष्ट सांगितली जाते आणि दुसरी गाळली जाते. गाळणाऱ्यानं त्या माणसाला निम्मं केलेलं असतं.

अर्थात जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. पाणवठ्यावर सगळ्यांचा हक्क सारखा नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केलं तेही १९२७ मध्येच. एकाच वर्षी एक तळं पुस्तकातून वर आलं आणि दुसरं तळं लढून मोकळं करावं लागलं. तळं बांधणं हे निम्मं काम असतं. ते सगळ्यांचं करणं हे उरलेलं निम्मं, आणि ते बांधणाऱ्यावर नाही, मागून येणाऱ्यांवर सोपवलेलं असतं.

आज शिंगणापूरला वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. फलटणहून निघालेला माणूस गाडीतली बाटली उघडायच्या आत वर पोचतो. त्यात वाईट काही नाही. म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळ्या बायांना देव जवळ आला. पण गाडीतून पुष्कर तलाव पाहिला तर तो एक पाण्याचा विस्तार वाटतो, फोटो काढून पुढं जावं असा. मुंगी घाट चढून आलेल्या माणसाला तोच तलाव दिसतो तेव्हा आधी घशाला कळतं आणि मग डोळ्यांना. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या येण्याचा विचार करून ठेवला होता, हे त्याला पुराव्याशिवाय पटतं.

मालोजीराजांच्या लढाया नेमक्या किती आणि कशा झाल्या, यावर अभ्यासक बोलत राहतील. त्यांची तलवार कशी होती ते मला माहीत नाही. पण त्यांनी अडवलेल्या पाण्याची जागा अजून दाखवता येते. आपल्या गावात, आपल्या डोंगरावर अशी जुनी तळी, बारवा, पाणपोया असतीलच. कुणी बांधली ते विचारावं, त्यातला गाळ काढावा आणि मुलांना तिथवर चालत न्यावं. त्यांना तहान लागू द्यावी. मग गोष्ट सांगावी.